तुम्ही विचारलंत म्हणून: पाटी का नाही बसवली?

पावसाळा संपून थंडीची चाहूल लागली की हा प्रश्न येतोच. विचारणारी बहुतेक आमच्याच मित्रांची मुलं असतात. "काका, तुम्ही चाळीस वर्षं एकत्र गडावर मुक्काम केलेत. जे गेले त्यांच्या नावाने राजगडावर एखादी पाटी, नाहीतर बाक का नाही बसवत? खर्च आम्ही करतो."

खर्चाचा प्रश्न नाही. (पुण्यात हे वाक्य फारसं ऐकू येत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.) राजगड संरक्षित स्मारक आहे, २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. तिथे हौसेने सिमेंट ओतायला कोणी देणार नाही, देऊही नये. पण कायदा आड आला नसता तरी मी पाटी बसवली नसती. पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी आहे. १६५९ साली त्या वारल्या. देवळात पथारीला जागा धरायच्या घाईत निम्मे लोक तिच्याकडे न बघताच पुढे जायचे. तिथे आमच्या नारायण पेठेतल्या चौघांची ग्रॅनाइटची पाटी! मास्तरच वरून खेकसले असते.

मास्तर म्हणजे आमचे स्टोव्हवाले. पितळी स्टोव्ह, पिना, वायसर, रॉकेलची बाटली, सगळं त्यांच्या सॅकमध्ये. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. आधी काकडा पेटवायचा, बर्नर नीट तापू द्यायचा, मगच पंप. वारा असला की बराच वेळ जायचा, आणि तेवढ्यात कोणी "झालं का?" विचारलं की त्याला चहा सगळ्यांत शेवटी.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनात गेले. खांदा द्यायलाही जाता आलं नाही. डिसेंबरात आम्ही गुंजवण्याला गेलो. वर चढायचं, पण मुक्काम खाली गावात ओळखीच्यांच्या ओसरीवर. गुडघ्यांशी तशी तडजोड झाली आहे. वहिनींनी स्टोव्ह जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून दिला होता. मी घाईने, काकडा पुरता पेटायच्या आतच पंप मारला. भसकन हातभर पिवळी ज्वाळा उठली, पातेलं काळंठिक्कर, माझ्या भुवया जळल्याचा वास. क्षणभर सगळे गप्प. मग एक जण ओरडला, "चाळीस वर्षांत एकालाही शिकवलं नाही लेकाच्याने!" आणि जी सुरुवात झाली ती रात्री एकपर्यंत. आठ महिन्यांत पहिल्यांदाच आम्ही मास्तरांबद्दल धड बोललो.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. आम्ही नेमकं तेच बोलतो. एक जण शिधा वाटून घेताना हटकून चुरमुरे आणि पापड उचलायचा, आणि सॅक फुगलेली दाखवून धापा टाकायचा. दुसरा घोरायचा, एकदा देवळात झोपलेला परका ग्रुप त्याच्यामुळे ऐन थंडीत बाहेर जाऊन बसला होता.

चौथ्याबद्दल मात्र अजून कोणी बोलत नाही. तो खूप दिवस आजारी होता. दगदग नको म्हणून आम्हीच परस्पर ठरवलं आणि त्याला न कळवता तिकोन्याला गेलो. त्याच रविवारी तो गेला. नंतर त्याच्या मुलीने सांगितलं, दाराशी बूट पुसून ठेवले होते. शनिवारी रात्री फोन येईल म्हणून.

आता रॉकेल मिळत नाही, गॅसची छोटी शेगडी नेतो. तरी स्टोव्ह सॅकमध्ये असतोच, आळीपाळीने. यंदा पाळी माझी. पंपाचं वायसर वाळून कडक झालंय, बोहरी आळीत मिळतं का बघायला हवं.