गुच्छ उलटा करून बघावा

सपाट माथ्याचा फुलोरा बघायचा तर खालून. वरून तो नुसता सुंदर दिसतो, आणि सुंदर दिसलं की माणूस फोटो काढून पुढं निघतो. गुच्छाखाली दोन बोटं घालून तो हलकेच कलता केला, मान थोडी वाकडी केली, की कळतं, हा सपाटपणा मुद्दाम जमवून आणलेला आहे. फुलं निघाली वेगवेगळ्या उंचीवरून, कुणाचा देठ लांब, कुणाचा आखूड, आणि तरी सगळी एकाच पातळीला येऊन थांबलीत.

जमवण्याची रीत मात्र प्रत्येक झाडाची निराळी. कँडीटफ्टच्या गुच्छात मधून एक दांडा वर जातो. त्याच्यावर फुलं खालून वर, थोड्या थोड्या अंतरानं लागलेली असतात. जे फूल खाली जन्मलं, त्याचा देठ लांब. वरच्याला तेवढी गरज नसते. वनस्पतिशास्त्राची मराठी पुस्तकं याला गुलुच्छ म्हणतात. फुलावर आलेली कोथिंबीर पाहिली तर तिथं हा दांडा नाहीच. छत्रीच्या काड्यांसारखे सगळे देठ एकाच बिंदूतून फुटतात, आणि प्रत्येकाच्या टोकाला पुन्हा तशीच छोटी छत्री. हा चामर. गाजर, शेपू, बडीशेप, जिरं ही सगळी याच कुळातली. इक्झोऱ्याचा लालभडक गेंद उलटा केला की तिसराच प्रकार. दांड्याला तीन फाटे, प्रत्येक फाट्याला पुन्हा तीन, आणि शेवटच्या तिघांत मधलं फूल आधी उमलतं, बाजूची दोन मागाहून.

म्हणजे खाली वाकायचा कंटाळा असेल तर उमलण्याचा क्रम बघूनही अंदाज बांधता येतो. कडेची फुलं उघडली आहेत आणि मध्यभागी कळ्यांची दाटी आहे, तर गुलुच्छ किंवा चामर. मधलं आधी उघडलंय, तर इक्झोऱ्याच्या जातकुळीतलं. हे एकदा डोळ्यांत बसलं की सुटत नाही. सोबत चालणाऱ्यांना त्याचा त्रास होतो, तो त्यांनी सोसावा.

लहानमोठे देठ असूनही सगळे एका पातळीवर, हे पाहून समतेवर दोन उदात्त वाक्यं लिहायचा मोह होतो. पण झाडाला समतेशी काय देणंघेणं? त्याला माशी उतरवायची आहे. आणि जरा जवळून पाहिलं तर तिथं समताही नसते.

कोथिंबिरीच्या छोट्या छत्रीत अगदी कडेचं एक फूल निवडावं. पाच पाकळ्या आहेत, पण आतल्या बाजूच्या इवल्याशा आणि बाहेर तोंड करून असलेल्या चांगल्या ठसठशीत. त्याच छत्रीच्या मध्यातलं फूल घेतलं तर सगळ्या पाकळ्या सारख्याच बारीक. कँडीटफ्टचं कोथिंबिरीशी कसलंही जवळचं नातं नाही, ते मोहरीच्या कुळातलं. तरी त्याच्या चार पाकळ्यांतल्या बाहेरच्या दोन मोठ्या आणि आतल्या दोन लहान. दोन परकी घराणी एकाच हिशेबाला आली: दिसायचं आहे ते कडेला, मग खर्च कडेलाच करावा.

हायड्रेंजियानं तर हा खर्च पूर्ण वेगळ्या खात्यात टाकला. तिचा मूळचा गुच्छ सपाट. मध्ये बारीक, साधीशी, बी धरणारी फुलं आणि भोवती मोठ्या रंगीत फुलांचं कडं. ही कडेची मंडळी वांझ असतात. आपण पाकळ्या म्हणतो त्या त्यांची निदलं, म्हणजे कळीचं बाहेरचं आवरण, तेवढंच वाढून रंगलेलं. माणसाला अर्थातच कडं आवडलं. त्यानं निवडून निवडून असे वाण वाढवले की सगळा गुच्छच वांझ फुलांचा, गोलगरगरीत. फुलवाल्यांकडे मिरवतात ते हेच. मला ते कधी फारसे पटले नाहीत. माशीला बोलवायचं आणि घरात काहीच ठेवायचं नाही, हे बरं दिसत नाही. रंगाची गंमत मात्र सपाट आणि गोल दोघींत सारखीच. माती आम्लधर्मी असली की तिच्यातलं अॅल्युमिनियम मुळांना मिळतं आणि फुलं निळी होतात, अल्कधर्मी मातीत तीच गुलाबी. शाळेतला लिटमस कागद बरोबर याच्या उलटा वागतो.

घाणेरीचा गुच्छ रुपयाएवढा, पण हिशेब सगळ्यांत चोख. मधली ताजी फुलं पिवळी, कडेची जुनी केशरी, लाल किंवा गुलाबी. मकरंद असतो पिवळ्यात. परागण झालं की फूल रंग बदलतं, मात्र गळून पडत नाही, लाल होऊन जागा अडवून बसतं. त्यामुळे दुरून गुच्छ भरलेला दिसतो, आणि जवळ आलेलं फुलपाखरू लाल सोडून नेमकं पिवळ्यात सोंड घालतं. फुलपाखरू हे शिकतं आणि त्याचा फायदा झाडालाही होतो, कारण परागकण लागेल त्याच फुलाला मिळतात. मूळची उष्ण अमेरिकेतली ही बाई किती देशांत रानं अडवून बसली आहे. तिच्या नावानं बोटं मोडणारे बरोबरच आहेत. तरी गुच्छ पाहिला की थांबावंसं वाटतंच.

फुलपाखरांची सोंड लांब, म्हणून इक्झोरा मकरंद लांब, बारीक नळीच्या तळाशी ठेवू शकतो. ज्यांची तोंडं आखूड, त्यांचं काय? त्यांची सोय चामरवाल्यांनी केली. बडीशेपेच्या फुलात अंडाशयाच्या डोक्यावरच एक फुगीर, चकचकीत चकती असते आणि मकरंद तिच्यावर उघड्यावर पाझरतो. नळी नाही, झाकण नाही. त्यामुळे भरदुपारी त्या पिवळ्या सपाटीवर कोण नसतं! भुंगेरे, मुंग्या, गांधीलमाश्या आणि अंगावर पिवळेकाळे पट्टे ओढून मधमाशीचा आव आणणाऱ्या, हवेत एका जागी तरंगणाऱ्या माश्या. या तोतया माश्यांतल्या अनेकींच्या अळ्या मावा फस्त करतात. म्हणून जाणते बागवाले शेपू, बडीशेप सगळी खुडत नाहीत, चार झाडं फुलावर जाऊ देतात.

इतक्या पायांची वर्दळ म्हटल्यावर एक धोका असतो. किडा चालत चालत एका फुलाचे पराग शेजारच्या फुलाला फासणार, म्हणजे घरातल्या घरातच देवाणघेवाण. चामर कुळातली बरीचशी झाडं त्यावर वेळापत्रकानं मात करतात. आधी पुंकेसर पिकतात, पराग वाटून होतात. स्त्रीकेसर तयार होतात त्यानंतर. काही जातींत तर हे अख्ख्या छत्रीत एका वेळी होतं.

रानगाजराच्या छत्रीपुढं मात्र सगळा हिशेब अडतो. शेकडो पांढरी फुलं आणि बरोबर मधोमध एकच काळपट जांभळं. प्रत्येक झाडाला ते येतं असंही नाही. लांबून किडाच बसल्यासारखा वाटतो. डार्विनला ते निरुपयोगी वाटलं होतं. पुढं काहींनी म्हटलं, बसलेला किडा पाहून दुसरे किडे येतात. मग कुणी ते फूल खुडून पाहिलं, कुणी त्याच्या जागी मेलेला किडा चिकटवून पाहिला. कुठं फरक पडला, कुठं अजिबात नाही. भांडण चालू आहे, आणि मला ते मिटावं अशी घाई नाही.

फुलं सरल्यावर रानगाजराची सपाटीही सरते. कडेच्या काड्या आत वळतात आणि छत्रीची खोलगट वाटी होते. वाळून कोळ झाली तरी ती हलत राहते. हवा दमट झाली की मिटते, कोरडी पडली की उघडते, कारण काड्यांतलं मेलेलं लाकूडच ओल्यासुक्याप्रमाणं फुगतं-आखडतं. आतल्या फळांना बारीक काटे असतात. जवळून जाणाऱ्याच्या केसाळ अंगाला ती चिकटतात, आणि पुरेसे वाकून बघत असाल तर बाहीलाही.