डोळे मिटा, दात दाखवा!

कानाखालची गाठ ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ म्हणत तीन वर्षं मिरवली. आज ती निघाली एकदाची. प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा, म्हणजे लाळग्रंथीत सर्वांत जास्त आढळणारी साधी गाठ. एमआरआयमध्ये ती पांढरीशुभ्र चमकत होती. चेहरा हलवणारी नस (मज्जातंतू) मात्र तिथे नीट दिसत नाही, शेजारच्या रक्ताच्या शिरेवरून अंदाज बांधतात. (हे ऐकून झोप उडालीच.) मला वाटलं, चीर देऊन गाठ सोलून काढतील. पण तसं केलं तर कवचाबाहेर गेलेले बारीक कोंब मागे राहतात आणि काही वर्षांनी पुन्हा गाठी उगवतात. म्हणून भोवतालच्या ग्रंथीसकट काढली, नसेच्या पाचही फांद्या जपत. शुद्धीवर येताच, नस शाबूत आहे ना हे बघायला डॉक्टरांचं फर्मान : “डोळे मिटा, दात दाखवा!” दाखवले. कानाची पाळी तेवढी बधिर आहे.