लेडीज की जेंट्स?

दोघं भावंडं माझ्याकडे एकच घड्याळ घेऊन आली. दुरुस्ती दुय्यम होती. "हे पणजोबांचं की पणजीचं, तेवढं आधी सांगा," म्हणाली. घरात दोन्ही गोष्टी चालत आलेल्या. पहिल्या महायुद्धात पणजोबांच्या मनगटावर हेच होतं म्हणे, आणि पणजीच्या हातात ते दिसतं असा एक फोटोही होता. चांदीचं गोल घड्याळ, व्यास 33 मिमी, जाड तारेचे पक्के लग, म्हणजे पट्टा अडकवायचे कान. बहिणीचा मुद्दा सरळ होता: एवढंसं घड्याळ पुरुषाचं कसं असेल?

आजच्या मापाने जुनं घड्याळ ओळखायला गेलं की हमखास फसगत होते. मशीन लिन्यमध्ये मोजतात. एक लिन्य म्हणजे 2.256 मिमी. पुरुषांच्या खिशातलं मशीन साधारण 17 ते 19 लिन्यचं, म्हणजे केससकट (बाहेरच्या डब्यासकट) पाच सेंटिमीटरच्या आसपास. बायका झग्यावर पिनने किंवा गळ्यात साखळीने लटकवत ते 13 लिन्यच्या आगेमागे. मनगटी घड्याळ तर मुळात बायकांचंच. नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिने 1810 मध्ये पॅरिसचा घड्याळजी ब्रेगे याच्याकडे मनगटावर बांधायचं घड्याळ सांगितलं होतं. पुरुषांना ते बांगडीसारखं, बायकी वाटायचं. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात खिशातली घड्याळं चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधू लागले आणि 1914 नंतर खंदकांत त्याला पर्याय उरला नाही. तोफखान्याचा मारा मिनिटांच्या हिशेबाने पुढे सरकायचा. कोटाची बटणं सोडून घड्याळ काढायला सवड कुणाला? पण पाच सेंटिमीटरचा डबा मनगटावर नीट बसत नाही. कारखान्यांत तयार असलेलं सोयीचं मशीन बायकांचं होतं, तेच सैनिकांच्या केसमध्ये गेलं. त्यामुळे 33 मिमी हे तेव्हाच्या पुरुषाचं अगदी नेहमीचं माप.

मागचं झाकण उघडलं. आत लंडनचा आयातीचा हॉलमार्क, .925 आणि तारखेचं अक्षर टी, म्हणजे 1914-15. बाहेरून आलेल्या सोन्याचांदीच्या केसवर ब्रिटिश तपासणी कार्यालयाचा ठसा 1 जून 1907 पासून सक्तीचा होता, म्हणून या काळातल्या स्विस घड्याळांचं वय काढणं सोपं जातं. वय कळलं, पण बाई की पुरुष ते ठशावर नसतं.

ते चावीच्या, म्हणजे किल्ली द्यायच्या बोंडाच्या, मानेवर होतं. भिंगाखाली मानेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक बुजवलेलं भोक दिसलं. साखळीची कडी याच भोकांत अडकते. मनगटासाठी बनवलेल्या केसला ती लागतच नाहीत. लगच्या मुळाशी करड्या रंगाचा मऊ डाख, शिसं-कथलाचा. कारखान्यात लग चांदीच्या डाखाने जोडतात, त्याला सातशे अंशांच्या आसपास उष्णता द्यावी लागते आणि सांधा चांदीत मिसळून जातो. इथे काम कुणीतरी घाईत उरकलेलं.

खरी गंमत तबकडीच्या मागे होती. लटकवायच्या उघड्या (काचेवर झाकण नसलेल्या) घड्याळात चावी 12 वर असते. तेच मनगटावर आडवं बांधलं तर चावी उजवीकडे येते, पण 12 चा आकडाही तिच्याबरोबर उजवीकडे जातो. या घड्याळात चावी 3 वर आणि 12 बरोबर डोक्यावर. मिन्याच्या (इनॅमलच्या) तबकडीला मागे तांब्याचे दोन पाय असतात, ते मशीनच्या प्लेटच्या भोकांत बसतात. इथे प्लेटवरची दोन्ही भोकं रिकामी, पाय मुळापासून कापलेले आणि तबकडी पाव फेरा फिरवून लाखेने चिकटवलेली. सेकंदकाटा नव्हता म्हणून हे जमलं. तो 6 वर असता तर त्याची छोटी तबकडी मोठीबरोबर फिरली असती आणि धुरा जागच्या जागी, म्हणजे 9 वर, राहिला असता.

मशीन सिलिंडर एस्केपमेंटचं (एस्केपमेंट म्हणजे चाकांना टप्प्याटप्प्याने सोडणारी रचना), 10 ज्वेलचं, म्हणजे धुऱ्यांना झीज होऊ नये म्हणून बसवलेल्या दहा खड्यांचं. सैन्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळांत बहुधा 15 ज्वेलचं लीव्हर मशीन असे. स्वस्त सिलिंडर बायकांच्या लटकत्या घड्याळांत सर्रास. म्हणजे जन्माने हे बायकांचं, आणि पुढे पुरुषासाठी कापून-डाखून घेतलेलं.

इथवर भाऊ खूश. पण काटे बारीक, निळ्या पोलादाचे होते. खंदकात चमकणारा रंग भरलेले पोकळ काटे लागत. म्हणून तबकडीवर किरणोत्सर्ग दाखवणारा गायगर काउंटर धरला, तर 12 आणि 3 जवळ तो चांगलाच कडकडू लागला. आकड्यांवर कधीकाळी रेडियमचा रंग होता, नंतर कुणीतरी तो खरवडून काढला आणि काटेही बदलले. शिवाय लगच्या तारा मधोमध घासून निम्म्या झालेल्या. नुसतं चामडं तार इतकी खात नाही, हे धातूच्या ब्रेसलेटचं काम. फोटोत पणजीच्या हातात अरुंद, ताणलं जाणारं ब्रेसलेटच होतं. तेव्हा दोघंही बरोबर होती, आणि आधी कुणीतरी तिसरी बाई ते छातीवर लटकवून हिंडली असणार.

अशा उलट्यापालट्या नव्या नाहीत. उंच टाच इराणी घोडेस्वारांची, रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून. चौदाव्या लुईच्या दरबारात पुरुषांनी ती लाल रंगवून मिरवली. अठराव्या शतकात लंडनमध्ये जोनास हॅनवे छत्री घेऊन फिरायचा तेव्हा लोक त्याला हसत, कारण छत्री बायकांची. पण टाच बदलताना जुने जोडे कुणी कापून पुन्हा शिवत नाही. घड्याळात मात्र प्रत्येक फेरफाराचा व्रण राहतो.

आता घालायचं होतं भावाला. तबकडी पुन्हा मूळ जागी फिरवावी का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं. कापलेले पाय परत जोडायला उष्णता द्यावी लागते आणि मिन्याला केसासारखी चीर जायला तेवढं पुरतं. तबकडी काढायला लाख स्पिरिटने सैल केली. रेडियमचे कण उडू नयेत म्हणून हातमोजे घालून ओल्या फडक्यावरच काम केलं, फुंकणी वापरलीच नाही, आणि फडकं पिशवीत बंद करून वेगळं ठेवलं. उरलासुरला रंग आता चमकत नाही, कारण त्यातलं झिंक सल्फाइड मरतं. रेडियमचं अर्धायुष्य मात्र 1600 वर्षांचं, म्हणजे किरणोत्सर्ग चालूच. म्हणून झाकण घरी उघडायचं नाही, हे बजावून सांगितलं.

लगच्या तारा बदलून त्याच जाडीच्या चांदीच्या घातल्या. लगमधलं अंतर 12 मिमी. आजचे जेंट्स पट्टे 18 ते 22 मिमीचे, त्यामुळे दुकानात लेडीज पट्टा दाखवतात, आणि तो स्प्रिंगबारवाला (सुट्या स्प्रिंगच्या काडीवर बसणारा) असल्याने पक्क्या तारेत जातच नाही. एकसंध चामड्याची पट्टी घ्यायची आणि दोन्ही तारांखालून ओवायची. सिलिंडर मशीन दिवसाला दोन-तीन मिनिटं चुकणारच, आणि धक्का सोसायची सोय त्यात नाही. टाळ्या वाजवायच्या असतील तर आधी काढून ठेवा, म्हटलं.