सोमवारचा राजमा, गुरुवारच्या पालेभाज्या

सोमवार, न्यू ऑर्लिन्स

दुपारी कोपऱ्यावरच्या छोट्या खानावळीत जेवले. आज काय आहे, हे विचारावंच लागलं नाही. सोमवारी या शहरात राजमा-भात असतो. पूर्वी सोमवार हा कपडे धुवायचा दिवस. बायका दिवसभर त्यात अडकलेल्या, म्हणून रविवारच्या हॅमचं उरलेलं हाड, राजमा, कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची एकाच पातेल्यात घालून मंद आचेवर ठेवून द्यायचं. आता कपडे मशीन धुतं, तरी सोमवारचा राजमा कुणी सोडलेला नाही. जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग इथलाच. तो पत्राखाली सही करताना 'राजमा-भातपूर्वक आपला' अशा थाटाचं लिहायचा.

आज स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी मुद्दाम उभी राहिले. आचारीणबाईंनी डावाच्या पाठीने थोडे दाणे पातेल्याच्या कडेला दाबून चिरडले आणि पुन्हा रश्श्यात ढवळले. सगळा दाटपणा त्यातूनच येतो, पीठ-बीठ काही लागत नाही. ताट देताना म्हणाल्या, "घे, बेबी." इथे सगळ्यांनाच बेबी म्हणतात, अगदी सत्तरीच्या आजोबांनासुद्धा. मला ते फार आवडतं.

पाहुणे आले की कॅफे द्यू माँदला नेते. 1862 पासूनचं दुकान, चिकोरीची कॉफी, पिठीसाखरेत बुडालेले गरम बेन्ये, म्हणजे तळलेल्या पिठाचे चौकोनी तुकडे. छानच आहे सगळं. पण माझा जीव रमतो तो ट्रेमे वस्तीत, 'डूकी चेस'मध्ये.

1941 च्या सुमाराचं हे दुकान तेव्हा सँडविच आणि लॉटरीची तिकिटं विकायचं. सून म्हणून आलेल्या लेआ चेस यांनी त्याला पांढरे टेबलक्लॉथ, भिंतींवर कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं आणि गम्बो, म्हणजे इथला दाट रस्सा, दिला. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवणं कायद्यात बसत नव्हतं, त्या काळात वरच्या मजल्यावर नागरी हक्क चळवळीची माणसं गम्बो खात पुढचे बेत आखत होती. पोलीस आत शिरायला धजावत नसत, कारण सगळी वस्ती उसळली असती. एका बाईने केवळ स्वयंपाकाच्या बळावर एवढी सुरक्षित जागा उभी करावी, हे मला आजही थोर वाटतं.

29 ऑगस्ट 2005 ला कतरिना चक्रीवादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा जवळजवळ 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. 'डूकी चेस'मध्येही पाणी शिरलं. लेआबाई ऐंशीच्या पुढे होत्या. तरी रस्त्यापलीकडे ट्रेलरमध्ये राहून त्यांनी ते पुन्हा उभं केलं आणि 2007 मध्ये उघडलं. जवळच्याच 'विली मेज स्कॉच हाउस' या खानावळीचीही तीच गत. 2005 च्याच मे महिन्यात तिच्या मालकीण विली मे सीटन यांना खाद्यक्षेत्रातला मानाचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला होता आणि ऑगस्टमध्ये सगळं पाण्यात गेलं. दक्षिणेतल्या स्वयंसेवकांनी, त्यात नावाजलेले शेफही होते, येऊन सुतारकामापासून सगळं केलं. घरं मोडलेली असताना लोक खानावळ बांधायला आले! 'विली मेज'चं तळलेलं चिकन खाल्लं की कारण कळतं: साल कुरकुरीत, आत रस.

लेआबाई 2019 मध्ये गेल्या, 96 व्या वर्षी. आता नातू स्वयंपाकघर सांभाळतो. आणि या गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, 'डूकी चेस'मध्ये गम्बो झेर्ब असतो, हिरव्या पालेभाज्यांचा. सोबत सॉसेज आणि मांसही असतं, पण मान पाल्याचा. लेआबाई नऊ प्रकारचा पाला घालत. संख्या विषमच हवी. जितक्या भाज्या, तितके नवे मित्र वर्षभरात मिळतात, असं इथली माणसं म्हणतात. ऋषीच्या भाजीसाठी जमवाजमव करणाऱ्या घरात वाढल्यामुळे मला हे लगेच पटलं.

ऑफिसातल्या मैत्रिणींसोबत जायचं ठरलं आहे, टेबलही मिळालं. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "नऊ कोणकोणत्या गं?" मोहरीचा पाला, कोलार्ड, सलगमचा पाला, बीटाचा पाला, कोबी, पालक, एवढ्या सांगितल्या. उरलेल्या तीन गुरुवारी विचारून कळवते म्हटलं.