खालच्या ओळीतले नाव

रविवारी एका परदेशी वर्तमानपत्रात, तिकडच्या बातमीदाराच्या नावाने, लेख छापून आला. अर्धे पान, मोठे छायाचित्र, आणि नैरोबीतल्या गिकोम्बा बाजाराचे वर्णन माझ्या टिपणातून जवळजवळ जसेच्या तसे उचललेले. माझे नाव अगदी शेवटी, बारीक तिरप्या टायपात, ‘वार्तांकनात साहाय्य’ या शब्दांनंतर. आईने कौतुकाने तो लेख पुण्याला मावशीकडे पाठवला, तर मावशीने विचारले, ‘यात तुझे नाव कुठे आहे?’ खालच्या ओळीत आहे, असे मलाच कळवावे लागले. घडले ते एवढेच, आणि तरीही ते मनातून जात नाही.

गिकोम्बात जुन्या कपड्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या मितुम्बाच्या, गासड्या फुटतात ते बघण्यासारखे असते. सुरीने पट्ट्या कापल्या की दाबून बसवलेले कपडे एकदम फुगून वर येतात, भोवतीचे लोक एकाच वेळी हात घालतात आणि सर्वांत चांगला माल, ज्याला तिथे ‘कॅमेरा’ म्हणतात, तो बघता बघता बाजूला होतो. आत काय निघेल हे गासडी घेणाऱ्या बाईला आधी दिसत नाही. पैसे मात्र आधी मोजावे लागतात. हे सारे त्या बाईने मला सांगितले, निम्म्या स्वाहिलीत आणि निम्म्या शेंगमध्ये, म्हणजे नैरोबीच्या स्वाहिली-इंग्रजी मिश्र बोलीत. परदेशातून आलेला बातमीदार तेव्हा शेजारी उभा राहून हसतमुखाने मान हलवत होता. 2018 च्या जूनमध्ये त्या बाजारात आग लागून किमान 15 माणसे गेली, तेव्हापासून मी तिच्याकडे जात आले आहे. त्या वेळी मी कुठल्याच वर्तमानपत्रासाठी लिहीत नव्हते, आणि म्हणूनच बहुधा ती माझ्याशी बोलू लागली.

तक्रार करावी तर कोणत्या तोंडाने करावी, हाही प्रश्न आहे. इथल्या दैनिकात माझे नाव मथळ्याखाली ठसठशीत छापले जाते, पण मानधन बातमीमागे मिळते आणि तेही महिनोन्‌महिने मागावे लागते. परदेशी वर्तमानपत्र रोजच्या हिशेबाने डॉलर देते, वेळेवर देते आणि नाव खाली टाकते. नाव हवे असेल तर भाड्याची काळजी करायची, भाडे भागवायचे असेल तर नावाची आशा सोडायची, असा हा व्यवहार आहे. माझ्याबरोबर शिकलेल्या मैत्रिणीने तो केव्हाच ओळखला आणि ती एका बँकेच्या जनसंपर्क विभागात गेली. तिच्याविषयी आज लिहीत नाही.

रात्री वृत्तछायाचित्रकार मोहम्मद अमीनचे जुने चित्रीकरण पुन्हा पाहिले. नैरोबीत जन्मलेला, आमच्यासारखाच उपखंडातून आलेल्या कुटुंबातला. 1984 च्या ऑक्टोबरमध्ये इथिओपियातील कोरेमच्या दुष्काळाची जी दृश्ये बीबीसीने दाखवली आणि जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला, ती त्याच्या कॅमेऱ्याने टिपलेली होती. निवेदन मायकेल ब्युर्क यांचे होते. पुढे 1991 मध्ये अदिस अबाबात दारूगोळ्याच्या स्फोटात त्याने डावा हात गमावला, तरी कॅमेरा सोडला नाही. त्याला स्वतःला नावाची कमतरता पडली नाही, हे मान्य. पण ती बातमी आठवताना माझ्या कानात आधी निवेदकाचा आवाज येतो. पाहणारा एक आणि सांगणारा दुसरा, ही वाटणी माझ्यापासून सुरू झालेली नाही, एवढे यातून कळले. बरे मात्र वाटले नाही.

बाबांपुढे विषय काढला असता तर त्यांनी पियो गामा पिंटोचे नाव काढले असते. गोव्याच्या कुटुंबातला, नैरोबीत जन्मलेला पत्रकार, वसाहतीच्या सरकारने स्थानबद्ध केलेला, आणि स्वातंत्र्य मिळाल्यानंतर, 24 फेब्रुवारी 1965 रोजी, घराच्या फाटकाशी गोळ्या घालून मारलेला. बाबा हे उदाहरण इशारा म्हणून देतात. मी ते अभिमानाने ऐकते, आणि यावर आमचे बोलणे कधी पूर्ण होत नाही. 2017 मध्ये सरकारने आम्हा आशियाई वंशाच्या केनियन लोकांना देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली, तरी माझे आडनाव वाचून आफ्रिकेतील तरुण लेखकांचे लेखन मागवणारे संपादक थोडे अडखळतात. तो वेगळा विषय आहे.

आज दुपारी लेख पुन्हा वाचला, या वेळी राग थोडा बाजूला ठेवून. त्याचा पहिला परिच्छेद चांगला आहे. मी लिहिला असता तर आगीपासून सुरुवात केली असती आणि वाचक तिसऱ्या ओळीत गळाला असता. शिवाय या धंद्यातली माणसे दुसऱ्याचा लेख खालच्या ओळीपासून वाचतात, कारण तिथे कोणाला पुढच्या वेळी फोन करायचा ते कळते. मीही तसाच वाचते. मावशीला मात्र हे पटवून देता येणार नाही.

संध्याकाळी दुसऱ्या एका वर्तमानपत्राचे पत्र आले. पुढच्या महिन्यात काकुमाच्या निर्वासित छावणीत कोणी बरोबर यायला हवे आहे. मी लगेच हो लिहिले, रोजचा दर लिहिला, आणि लेखावर नाव कुठे येईल ते आधी लेखी ठरवावे अशी एक ओळ घातली. ती उद्धट वाटली म्हणून काढली, मग पुन्हा घातली, ‘कृपया’ जोडले आणि पत्र पाठवून दिले.