आमची वाटचाल : न कापता उभं राहिलेलं गॅरेज

आग्रा रोडमागच्या गल्लीत वडिलांनी गॅरेज टाकलं, तेव्हा धुळ्यात टॅक्सी म्हणजे ॲम्बॅसडरच. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर, दोन्ही रस्ते इथेच एकमेकांना छेदतात, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. ती वर्षं बरी गेली, त्यावर काय लिहायचं!

लिहायचंय ते २०१४ नंतरचं. ॲम्बॅसडर बनवणारा बंगालमधला उत्तरपाड्याचा कारखाना बंद पडला, स्पेअर मिळेनासे झाले आणि नेमकं तेव्हाच शेजारी एक चकाचक वर्कशॉप उघडलं. आमच्याकडे पाना धरायला शिकलेला पोरगा त्यांनी उचलला. त्यांची रीत एकच : पुढचं जुनं सस्पेन्शन कापायचं, नव्या छोट्या गाडीचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेले उभे खांब) वेल्ड करायचे, की झाली गाडी मऊ! ‘तुमचं काम जुनाट’ असं तोंडावर सांगून गिऱ्हाइकं तिकडे गेली. भाडं थकलं, प्रेस मशीन विकायला काढलं.

अरे, ॲम्बॅसडरला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, कुठे आहे? बॉडीच भार घेते. पुढच्या चाकांना स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी पोलादी कांब; तिचा पीळ फ्लोअरखालचा क्रॉस मेंबर (आडवा तुळईसारखा भाग) झेलतो. स्ट्रट लावला की तोच धक्का मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर. तो पत्रा त्यासाठी केलेलाच नाही. पुढे त्यातल्याच काही गाड्या वेल्डपाशी चिरा घेऊन आमच्या दारात आल्या. आम्ही काही बोललो नाही. म्हणजे, थोडं बोललो.

तारलं ते सावद्याच्या आप्पांनी. केळीवाले, १९७० ची ॲम्बॅसडर मार्क टू. म्हणाले, “पाय भो, गाडी कापू नको, पन माझी कंबर वाचव.” त्या गाडीत जुन्या पद्धतीच्या, दांड्याने चालणाऱ्या लिव्हर शॉकअपचा दांडा हाच चाक धरणारा वरचा आर्म, म्हणून तो काढून फेकता येत नाही. आतला व्हॉल्व्ह काढला, तेल वंगणापुरतं ठेवलं आणि जाड पत्र्याच्या ब्रॅकेटवर टेलिस्कोपिक (आत-बाहेर सरकणाऱ्या नळीचे) शॉकअप बोल्टने कसले. वेल्डिंगचा एक टाका नाही. ब्रॅकेटचा पुठ्ठ्याचा साचा अजून भिंतीला टांगलाय, ऑइलने काळा झालेला. त्याच्याशेजारी वडिलांनी पाइप वाकवून केलेली टो-इनची, म्हणजे पुढची चाकं किती आत वळलीत ते मोजायची पट्टी. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी चढवण्याआधी मी आजही आधी तीच लावतो. आप्पांची गाडी लळिंगच्या घाटातून फिरवून आणली, मग त्यांनीच सावदा-फैजपूर-रावेरकडची गिऱ्हाइकं धाडली.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. टॉर्शन बार काढण्याआधी स्प्लाइनवर (बारच्या टोकाच्या दात्यांवर) पंचाने खूण करा. डावा बार उजवीकडे घालू नका, वर्षानुवर्षं एकाच बाजूला पीळ बसलेला असतो. सांध्यातल्या रबरी बुशचे नट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नका; चाकं जमिनीवर टेकवा, मग आवळा, नाहीतर बुश वळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. आणि २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मूळ बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. कापलेल्या गाडीवाल्यांनी हे मला विचारायला येऊ नये.

शेजारचं वर्कशॉप आता नवीन गाड्यांचं वॉशिंग करतं. पोरगा परत आलाय, पगार मात्र तिकडचा मागतो. प्रेस मशीन विकलं नाही, बुश त्याच्यावरच दाबतो.