टॉवर-घड्याळाची प्रतिकृती, नोंद ४ : पंखा, लंबक आणि एक रुपयाचं नाणं

मागच्या नोंदीत सागवानी चौकट उभी राहिली होती, लंबक टांगला होता, पण एस्केपमेंट, म्हणजे लंबकाच्या तालावर चाकांना एकेक पाऊल पुढे सोडणारी यंत्रणा, मधूनच सुसाट सुटायची. या पंधरवड्यात तिला आवर बसला. चूक चाकाचा वेग आवरणाऱ्या पंख्यात होती.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगतो. मी करतोय ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर घड्याळातली (लोक ज्याला बिग बेन म्हणतात) दुहेरी तीन-पायी ग्रॅव्हिटी एस्केपमेंट, म्हणजे तीन-तीन पायांची दोन चाकं असलेली. टॉवरचे काटे उघड्यावर असतात. वारा, बर्फ त्यांना ढकलतात आणि तो धक्का चाकांवाटे लंबकापर्यंत पोचतो. त्यात राजखगोलशास्त्रज्ञ एअरी यांची अट अशी, की तासाच्या पहिल्या टोल्यात एका सेकंदाहून जास्त चूक नको. एडमंड बेकेट डेनिसन पेशानं वकील, पण उपाय त्यांनीच काढला. चाकांनी लंबकाला थेट ढकलायचंच नाही, फक्त दोन भुजा उचलून धरायच्या. लंबक येऊन भुजा सोडवतो आणि ती स्वतःच्या वजनानं उतरताना त्याला रेटा देते. वजन तेच, म्हणून रेटाही तोच. १८५९ साली सुरू झालेलं ते घड्याळ आजही याच रचनेवर चालतं. मला हे फार सुंदर वाटतं.

सुटलेल्या चाकाला आवरायला त्याच दांड्यावर दोन पात्यांचा पंखा असतो. मी तो लहान, नाजूक केला होता. त्यामुळे चाकाचा पाय अडणीवर आपटून उसळायचा आणि निसटायचा. आता पाती १२ सेंटीमीटरची केली आणि पंखा दांड्यावर घट्ट न बसवता स्प्रिंगच्या दाबाखाली किंचित घसरू दिला. टक् असा कोरडा आवाज येतो, उसळी नाही. अकरा दिवसांत एकदाही निसटलेली नाही.

मग लंबक. सेकंदाच्या लंबकाची, म्हणजे एका बाजूकडून दुसरीकडे जायला एक सेकंद घेणाऱ्या लंबकाची, लांबी पुस्तकात ९९.४ सेंटीमीटर दिलेली असते. तेवढीच धरली, तर घड्याळ रोज जवळजवळ दोन मिनिटं मागे! दोन दिवस चाकं तपासली, मग उलगडलं. ते माप लंडनचं. विषुववृत्ताकडे यावं तसं गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं. आपल्याकडे ही लांबी ९९.१५ च्या आसपास हवी, आणि मिलिमीटरभर फरकानं दिवसाला ४३ सेकंद पडतात.

तेव्हापासून मुंबईचा राजाबाई टॉवर मनातून जात नाही. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं उभा राहिलेला हा मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉकलीचं. तिकडे बरोबर लावलेला लंबक इथे तसाच टांगला, तर तोही रोज दोन मिनिटं मागेच पडणार. समोरच्या ओव्हल मैदानावर उभं राहून वर बघताना आता मला आधी तबकडीमागचा लंबक दिसतो.

बारीक दुरुस्तीसाठी वेस्टमिन्स्टरची युक्ती वापरली. तिथे लंबकावर जुनी पेनी (ब्रिटिश नाणं) ठेवली की घड्याळ दिवसाला ०.४ सेकंद पुढे जातं. लंबक थांबवावा लागत नाही, यातच सगळं आलं. तो लंबक सुमारे ३०० किलोचा, माझा गोळा ५ किलोचा. दांडीच्या मध्यावर छोटी बशी बसवून रुपयाचं नाणं ठेवलं, तर दिवसाला आठ सेकंद! आता पितळी वॉशर कापून छोटी वजनं करतोय.

देखभालीचं वेळापत्रकही आत्ताच लिहून ठेवलंय. ५ ऑगस्ट १९७६ ला वेस्टमिन्स्टरची ठोक्यांची यंत्रणा फुटून विखुरली, कारण तिच्या पंख्याच्या दांड्यात धातूची थकावट, म्हणजे वर्षानुवर्षांच्या ताणानं आलेला कमकुवतपणा. बाहेरून दिसत नव्हती. म्हणून माझ्या पंख्याचा दांडा दर महिन्याला भिंगाखाली.

राहिलं ते दांडीचं लाकूड. वेस्टमिन्स्टरला उष्णतेवर उतारा म्हणून पोलाद आणि जस्ताच्या नळ्या आहेत. सागवान उष्णतेनं फारसा वाढत नाही, पण डोंबिवलीचा पावसाळी दमटपणा पितो. लाखेचे तीन हात दिलेत, चौथा रविवारी. जुलैतले आकडे पुढच्या नोंदीत देतो.